टिपरभर चिखल

गेल्या एप्रिलमध्ये घरामागे सोकपिटचा, म्हणजे सांडपाणी मुरवायचा, खड्डा मारायला जेसीबी बोलावला होता. जुना खड्डा भरत आलाय हे दोन पावसाळे नाकाला कळत होतं, पण काम पुढं ढकलत ढकलत एप्रिल उजाडला आणि बायकोनं सरळ सांगितलं की आता जूनच्या आत झालं नाही तर मी माहेरी. आमचं घर गोव्यात मडकईला, अगदी खाजनाला, म्हणजे बांद घालून खाडीतून मिळवलेल्या शेतजमिनीला लागून, मागच्या दारातून बांद दिसतो. जेसीबीवाला कर्नाटकातला पोरगा, कानात इअरफोन, खाली काय निघतंय याच्याशी त्याला काही घेणंदेणं नाही. वरचे दोन-तीन फूट भराव निघाला, जांभ्याचे तुकडे, मंगळुरी कौलांचे तुकडे, एक गंजलेला कोयता. मग राखाडी चिकणमाती. आणि सात-आठ फुटांवर बकेट वर आली ती डांबरासारखी काळी, चकचकीत, आणि वास असा की शेजारच्या काकूनं खिडकी लावून घेतली. कुजलेल्या अंड्याचा. त्या काळ्यात पांढरे ठिपके दिसले म्हणून वाकून बघितलं तर शिंपले! हाताच्या पंज्याएवढी कालवं, खुबे, आणि काही खुब्यांची तर दोन्ही झाकणं अजून मिटलेली, जणू आज सकाळी बाजारातून आणलेत. शेजारचे काका गडग्यावरून म्हणाले, "अरे हांगा न्हंय आशिल्ली रे." इथं नदी होती म्हणे. बाबा काठी टेकत सोप्यावरून मागच्या अंगणात आले, एक खुबो उचलला, अंगठ्यानं पुसला, उन्हात धरून बघितला. मी घड्याळ बघत होतो. ऑफिसातून हाफ डे काढलेला, टिपरवाला दोन फेऱ्यांचे पैसे ठरवून उभा, कुणाच्या तरी प्लॉटमध्ये भराव पाहिजे होता. एक वाजेपर्यंत सगळं गेलं. संध्याकाळी चहा घेताना बाबा खड्ड्याकडे न बघताच म्हणाले, "ती माती माडांक घालपाची आशिल्ली." माडांना घालायची होती.

एवढंच बोलले. आणि तेच वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना.

खरं तर त्यात डोक्यात अडकून राहावं असं काय आहे. नदीचा गाळ माडाला चांगला, हे इथं कुणालाही विचारा, आजोबा दरवर्षी मानशीपाशी, म्हणजे बांदातल्या पाण्याच्या दारापाशी साचलेला गाळ पाट्या पाट्या आणून आळ्यात घालायचे. मलाही माहीत होतं. पण सकाळी सुचलं नाही, सुचलं असतं तरी दीड टिपर काळा चिखल अंगणात पसरून त्या वासात पंधरा दिवस काढायची कुणाची तयारी होती? म्हणजे चूक म्हणावी अशी चूकही नाही. तरी रात्री झोपताना डोळ्यापुढे तो मिटलेला खुबो यायचा. एक कालव तेवढं मी ठेवलं होतं, धुऊन, स्वयंपाकघराच्या खिडकीत. बायकोनं त्यात दोन दिवस लिंबाची फोड ठेवली, मग वास जात नाही म्हणून बाहेरच्या कठड्यावर नेऊन ठेवलं.

मग यंदा मुलीला घेऊन दोनापावलला एनआयओत गेलो. सायन्स डेच्या आसपास शाळांच्या पोरांना आत सोडतात, तेव्हा. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था असं पूर्ण नाव कुणी घेत नाही, आमच्याकडे एनआयओ म्हणजे एनआयओ, बसच्या पाटीवरसुद्धा. लहानपणापासून बाहेरून बघतोय, आत कधी गेलो नव्हतो, पणजीत नोकरी करून वीस वर्षं झाली तरी. मुलीला तिथं व्हेल आणि शार्क बघायचे होते. ते काही नव्हतं फारसं, पण एका टेबलावर प्लास्टिकचा पाईप उभा चिरून ठेवलेला आणि त्यात चिखल. नुसता चिखल. राखाडी, हिरवट, कुठं गडद कुठं फिका, शेजारी सेंटिमीटरची पट्टी. माझ्या पोटात काहीतरी हललं हे मान्य करतो, कारण रंग ओळखीचा होता. टेबलामागे कोल्हापूरकडची एक मुलगी होती, पीएचडी करणारी, तिचं बोलणं ऐकून बरं वाटलं. ती त्याला कोअर म्हणत होती. जहाजावरून जड नळी सोडायची, ती समुद्राच्या तळात घुसते, वर ओढली की आत गाळाचा खांब येतो, सगळ्यात वरचं म्हणजे आत्ताचं आणि खाली खाली जुनं. "काका, खोल समुद्रात हजार वर्षांत जेमतेम दोन-चार सेंटिमीटर गाळ बसतो. किनाऱ्याजवळ भराभर बसतो, तिथं वर्षाला काही मिलिमीटर पण मिळतात." आमच्या मुलीनं लगेच बोट ठेवून मोजायला सुरुवात केली, हे शिवाजी महाराज, हे रामायण. ती पीएचडीवाली हसली, म्हणाली रामायणाचं मला माहीत नाही पण शिवाजी महाराज एवढे खाली नाहीत, ते अगदी या वरच्या सालपटात.

तो चिखल म्हणे ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुतात. चिकणमाती निघून जाते, वर उरतो तो रवा, मग ओव्हनमध्ये सुकवायचा. आणि तो रवा मायक्रोस्कोपखाली धरला की… मी डोळा लावला आणि मला पहिलं आठवलं ते साबुदाणा. मग दुसरा बघितला, तो चार फुगे एकमेकाला चिकटवल्यासारखा, तिसरा चकलीसारखा वळलेला, एकाला तर नाजूक काटे. हे फोरामिनिफेरा, थोडक्यात फोराम. एका पेशीचे जीव, डोकं नाही पाय नाही, पण स्वतःभोवती चुन्याचं घर बांधतात, खोली मागून खोली, आणि मेले की घर तळाला जाऊन बसतं. तीन शून्यवाल्या ब्रशनं, म्हणजे आपल्या मिनिएचरवाल्यांचा असतो तसल्या, एकेक दाणा उचलून काळ्या स्लाइडवरच्या चौकोनांत लावायचा. तीनशे दाणे एका सॅम्पलचे. आणि अशी सॅम्पलं शेकडो. मला माझ्या आजीची आठवण आली, उकडे तांदूळ निवडताना तिची मान अशीच असायची.

त्यातला चार फुग्यांचा जो होता त्याचं नाव ग्लोबिजेरिना बुलॉयडिस. याला थंड, खाणंपिणं भरपूर असलेलं पाणी आवडतं. अरबी समुद्रात असं पाणी कधी असतं? ऐन पावसाळ्यात. नैऋत्येचा वारा सोमालिया-ओमानच्या किनाऱ्यावरून असा सणसणत जातो की वरचं पाणी बाजूला ढकललं जातं आणि खालचं थंड पाणी वर येतं, मग हे बुलॉयडिस माजतात. म्हणजे तळातल्या चिखलात एखाद्या थरात यांचं प्रमाण जास्त, तर त्या काळात वारा जोरात. आपण जूनमध्ये खिडकीत उभं राहून माडाची झावळ बघून वाऱ्याचा अंदाज घेतो, तसं हे लोक दहा हजार वर्षांपूर्वीचा वारा एका ठिपक्याएवढ्या शंखातून मोजतात. ओमानजवळ १९८७ साली खोदलेल्या एका कोअरवरून २००३ साली अनिल गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की गेल्या दहा-अकरा हजार वर्षांत जेव्हा जेव्हा उत्तर अटलांटिकमध्ये थंडी पडली तेव्हा तेव्हा आपला मान्सून मंदावला. तिकडे शेकोटी इकडे दुष्काळ. आणि साधारण नऊ-दहा हजार वर्षांपूर्वी मान्सून आजच्यापेक्षा दणदणीत होता, कारण तेव्हा पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ यायची ती जुलैच्या सुमारास, आता येते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. आमच्या घराच्या छताला दरवर्षी गळती लागते त्यावर हा विचार करून मी थोडं समाधान मिळवलं.

ऑक्सिजनची भानगड मला तिनं दोनदा समजावली. समुद्राच्या पाण्यात हलका ऑक्सिजन आणि जड ऑक्सिजन दोन्ही असतात, वाफ होताना हलका जरा जास्त उडून जातो. एरवी तो पावसातून नद्यांतून परत येतो, हिशेब फिटतो. पण हिमयुगात त्याचं बर्फ होऊन उत्तरेत डोंगर साचले आणि ते परत आलंच नाही, मग मागे राहिलेला समुद्र जडावला आणि त्या पाण्यातून घर बांधणाऱ्या फोरामचा चुनाही जडावला. मिठागरात पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं, अगदी तसंच नाही पण मला त्यावरून कळलं. दक्षिण हिंदी महासागरातल्या दोनच कोअरमधले असले शंख मोजून हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन यांनी १९७६ मध्ये साडेचार लाख वर्षांची हिमयुगं पृथ्वीच्या डुलण्याशी नेऊन जुळवली, एक लाख, ४१ हजार, २३ हजार वर्षांचे ठेके. घरातल्या घड्याळाचे सेल बदलायचे राहून जातात आणि इकडे चिखलात घड्याळ.

मग मी न राहवून माझ्या कालवाचं सांगितलं. खिशात होतंच, खोटं कशाला बोलू, दाखवायलाच नेलं होतं. तिनं हातात घेतलं, उलटसुलट केलं, छान आहे म्हणाली, आणि विचारलं, "किती खोलवर मिळालं? वर काय होतं, खाली काय होतं?"

मी म्हटलं, सात-आठ फूट. बहुतेक. बाकीचं टिपरमध्ये गेलं.

तिनं तोंड वाकडं केलं नाही, उलट खूप सांभाळून बोलली. कार्बन डेटिंग यावर होईल म्हणाली, पण समुद्रातला शिंपला जिवंत असतानाच सरासरी चारशे वर्ष म्हातारा असतो, कारण खोलवरच्या पाण्यातला कार्बन जुना, तो हिशेब वजा करावा लागतो आणि खाडीत तर नदीचं पाणी मिसळून तो हिशेब आणखी बिघडतो. तर वय कळेल, बरंचसं. पण त्या वेळी इथं नदी होती की खाजन की समुद्राचं तोंड, आधी काय होतं, नंतर काय झालं, ते कळायला खालचा-वरचा क्रम लागतो. "माती तीच असते काका, पण एकदा ढवळली की काही सांगत नाही." हे ती सहज बोलून पुढच्या शाळेच्या पोरांकडे वळली. मी तिथं पाईपकडे बघत उभा राहिलो. गुजरातमधल्या हडप्पाकालीन लोथलची गोदी खरंच गोदी की नुसता तलाव, या वादातसुद्धा एनआयओच्याच माणसांनी तिथल्या मातीत समुद्री फोराम शोधले होते असं शेजारच्या पोस्टरवर होतं. चमचाभर माती. आणि मी दीड टिपर.

घरी येताना बांबोळीच्या चढावर मुलीनं विचारलं की तळात किडे असतील ना, मग तेच ढवळत नसतील? हुशार आहे, आईवर गेलीय. असतातच. किडे, खेकडे, शिंपले सगळे वरचे दहाएक सेंटिमीटर सतत उकरत असतात, म्हणजे जिथं हजार वर्षाला तीन सेंटिमीटर गाळ बसतो तिथं तीन हजार वर्षांची खिचडी. हे आम्हा खाजनवाल्यांना वेगळं सांगायला नको, कुर्ल्यो, म्हणजे खेकडे, बांदाला भोकं पाडतात आणि एका भरतीत शेत खारं होतं, आजोबांचं अर्धं आयुष्य ती भोकं बुजवण्यात गेलं. पण अरबी समुद्रात एक पट्टा असा आहे, साधारण दीडदोनशे मीटरपासून हजार-बाराशे मीटर खोलीपर्यंत, जिथं पाण्यात प्राणवायू जवळजवळ नाहीच. वरून मेलेलं प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, पडतं, ते कुजण्यात सगळा प्राणवायू संपतो. १९३३-३४ मध्ये माबाहिस नावाचं इजिप्तचं जहाज या समुद्रात फिरलं, त्यांना तळाचे काही पट्टे निर्जीव मिळाले. तर जिथं हा पट्टा तळाला टेकतो तिथं उकरायला कुणी नाही, आणि म्हणून तिथले थर वहीच्या पानांसारखे शाबूत. कराचीसमोरच्या तळातले असे थर १९९८ मध्ये ग्रीनलंडच्या बर्फातल्या जुन्या हवामानाच्या नोंदीशी ताडून बघितले तर जुळले. मान्सून जोरात असताना पानं स्वच्छ, कारण प्लवंग भरपूर, कुजणं भरपूर, प्राणवायू शून्य. उत्तरेत थंडी पडून मान्सून मेला की तळाला हवा पोचायची, किडे परत यायचे आणि पानं पुसली जायची.

म्हणजे जिथं श्वास घेता येत नाही तिथलंच नीट लिहून राहिलंय. हे मला आवडलं नाही. बरोबर आहे, पण आवडलं नाही.

आणि तो वास! कुजक्या अंड्याचा, हायड्रोजन सल्फाइडचा. आमच्या खड्ड्यातल्या खुब्यांची झाकणं मिटलेली राहिली ती त्याच्यामुळंच असावीत, हवा नसलेल्या चिखलात त्यांना सोडवायला कुणी आलं नाही. पाऊस सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, गोव्यासमोरच्या उथळ समुद्रातही तळाचं पाणी असंच गुदमरतं. कांदोळीसमोर १९९७ पासून एनआयओवाले एकाच जागी जाऊन पाणी मोजतायत आणि त्या दिवसांत त्यांना तिथं हा वायू मिळालाय, २००० साली त्याची बातमी नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात आली होती. वर शॅक, बियर, पॅरासेलिंगची तयारी, सीझन सुरू होतोय, आणि पंचवीस-तीस मीटर खाली हे. आमच्याकडे जुने रापणकार होते, किनाऱ्यावरून जाळं ओढणारे, ते म्हणायचे की त्या दिवसांत मासे किनाऱ्याला पळून येतात. आता कळतं का पळत होते.

पण ढवळायला फक्त किडेच लागतात असं नाही. २०१५ मध्ये जॉइडेस रिझोल्यूशन हे खोदणारं जहाज आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोर, समुद्रतळातल्या लक्ष्मी खोऱ्यावर आलं होतं, तळाखाली अकराशे मीटर भोक पाडलं. सिंधू नदीनं हिमालय झिजवून आणून टाकलेला गाळ थरावर थर मिळत गेला, आणि मधेच शेकडो मीटर जाडीचा एक थर, ज्यात काही म्हणजे काही क्रम नाही. चुनखडीचे धोंडे, भलत्याच काळातले शंख, नवं खाली जुनं वर. साधारण एक कोटी आठ लाख वर्षांपूर्वी समुद्राचा अख्खा उतार घसरून खोलात गेला होता. जगातल्या असल्या सगळ्यात मोठ्या घसरणींपैकी एक. तिला नाव दिलंय नटराज. हे वाचलं त्या रात्री मला थोडी बरी झोप लागली, निसर्गाचाही टिपर असतो म्हणून.

आता गोव्यात राहून हे लिहितोय तर परशुरामाचा बाण येणारच, तो लवकर उरकतो. बाण मारला, समुद्र हटला, जमीन मिळाली. तर समुद्र हटला होता हे खरंच आहे, फक्त उलट्या क्रमानं. वीस-एकवीस हजार वर्षांपूर्वी सगळं पाणी बर्फात असताना समुद्र सव्वाशे मीटरच्या आसपास खाली होता, म्हणजे गोव्याचा किनारा आजच्या किनाऱ्यापासून पश्चिमेला शंभरेक किलोमीटर. मिरामारवरून जिथं जहाजाचा दिवा दिसतो त्याच्याही कितीतरी पलीकडे. उथळ, हलत्या, उबदार पाण्यातच बनणारे चुन्याचे गोल दाणे आज तिकडे साठ ते शंभर मीटर खोलीवर पडलेत, ते उगाच नाहीत. मांडवी आणि झुआरी तेवढ्या लांब वाहत जात असणार, आणि काठावर कुणी बसत असेलही. मग बर्फ वितळलं आणि समुद्र आत येत गेला, येत गेला, मडकईपर्यंत. आमच्या मागच्या दारापर्यंत. माणसांनी मग बांद घालून त्यातला तुकडा परत मागून घेतला, आणि आम्ही त्या तुकड्यावर सोकपिट खणलं.

बाबा बार्जवर होते. एकतीस वर्षं, इंजिनरूममध्ये. सावर्डे-कुडचड्याकडून खनिज भरायचं, झुआरीतून उतरायचं, मुरगावला खाली करायचं, परत. मी शाळेतून येताना बांदावर उभा राहून त्यांची बार्ज ओळखायचो, लाल पाण्यात लाल ओझं. पावसात धुऊन, भरताना सांडून, धक्क्यावरून ओघळून जे नदीत गेलं ते गेलं कुठं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. गोव्यातल्या संशोधकांनी मांडवी-झुआरीच्या गाळात लोखंड आणि मँगेनीज मोजलंय, खाणींचा हात त्यात स्पष्ट दिसतो. २०१२ मध्ये सगळं बंद पडलं, बाबा त्याआधीच रिटायर झालेले. म्हणजे कधीतरी कुणी इथं नळी खुपसली तर तिच्यात वरच्या अंगाला लालसर एक पट्टा मिळेल आणि त्यातलं थोडंसं माझ्या बापानं वाहिलेलं असेल, माझी फी, माझी सायकल, बहिणीचं लग्न. अभिमान वाटावा की लाज वाटावी हे मी अजून ठरवलेलं नाही. खाणींमुळे शेतं बुडाली त्या गावचा मित्र आहे माझा, त्याच्यासमोर मी हे बोलत नाही. बाबांना मात्र मी हे सांगितलं. ते म्हणाले, आम्ही सांडायचो नाही, आमचा ड्रायव्हर फार शिस्तीचा होता.

ती माती ज्या प्लॉटात गेली तो फोंड्याच्या वाटेवर आहे. त्यावर आता कंपाउंड वॉल झालीय आणि आत इंटरलॉकिंग टाईल्स. पावसाळ्यानंतर एकदा मी मुद्दाम स्कूटर थांबवून बघितलं, भिंतीच्या बाहेर गटारापाशी पाण्यानं धुऊन चार खुबे वर आले होते, पांढरेफटक. वॉचमन संशयानं बघायला लागला म्हणून निघालो.

एनआयओहून आल्यापासून मुलीला कोअर काढायचा नाद लागला. प्लंबरनं टाकून दिलेला पीव्हीसी पाईपचा हातभर तुकडा घेऊन ओहोटीच्या वेळी मानशीपाशी गेली, मला धरून. मी गुडघाभर चिखलात, ती काठावरून सूचना देणार. पाईप ठोकला, वरचं तोंड हातानं गच्च दाबलं आणि ओढला, सुटताना असा आवाज झाला की बांदावरचे बगळे उडाले. सोप्यावर पेपर पसरला, बाबा खुर्ची पुढं ओढून बसले. पाईप चिरायला घरात काही नाही म्हणून झाडूच्या दांड्यानं मागून ढकलत ढकलत चिखल बाहेर काढला. वर तांबूस, मग राखाडी, मग काळा. मुलगी पट्टी घेऊन तयार. आणि साधारण अर्ध्यावर काळ्या चिखलातून एक कुर्ली बाहेर आली, रुपयाएवढी, रागावलेली, आणि पेपरवरून तिरकी पळत सुटली. तिनं खणलेलं भोक आता स्पष्ट दिसत होतं, वरपासून खालपर्यंत, आणि त्यातून वरची तांबडी माती थेट काळ्यापर्यंत उतरलेली. मुलगी रडवेली झाली. बाबा मात्र एवढे हसले की त्यांना ठसका लागला, पाणी आणावं लागलं. मग त्यांनी काठीनं कुर्लीला अंगणाची वाट दाखवली, पेपर चारी कोपऱ्यांनी उचलला आणि सगळा चिखल नेऊन विहिरीजवळच्या माडाच्या आळ्यात झाडला.